जासिराची पाटी

वेवाने भिंतीला लावून खुर्ची टाकली आणि ठाण मांडून बसली. गवंडी हातात रस्त्याच्या नावाची निळी पाटी आणि हातोडा घेऊन नुसताच उभा राहिला.

"माझ्या भिंतीला खिळा लावून तर बघ," ती म्हणाली.

नगराध्यक्षांना घाम फुटला. ब्राझीलमधल्या सियाराच्या या कोरड्या मुलखातल्या आमच्या गावाने देशाला एकच मोठं माणूस दिलं, कादंबरीकार एउलिनाबाई. नव्वदी ओलांडलेल्या बाई समारंभासाठी खास रिओहून आल्या होत्या. खरं तर रस्त्याला त्यांचंच नाव द्यायचं होतं. पण जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देणं आमच्याकडे कायद्यात बसत नाही, आणि बाई तर ठणठणीत. मग कुणीतरी शक्कल काढली की त्यांच्या गाजलेल्या कादंबरीतल्या जासिराचं नाव द्यावं. ती चिमुरडी दुष्काळात चालता चालता शेवटच्या पानावर मरते. म्हणजे कायदाही खूश.

अडचण एवढीच की जासिरा म्हणजे हुबेहूब लहानपणची वेवा. तोच किंचित तिरळा डोळा, तीच एका गालावरची खळी, तसंच तोंडावर हात ठेवून हसणं. पुस्तक शाळेत लागलं आणि गावाने वेवाचं नावच 'मयत' पाडलं. मयत निघाली बाजाराला. मयताला नात झाली. ती वरवर हसून सोडून द्यायची, पण आत फार लागायचं. लहानपणी जिच्याबरोबर आपण अर्धा अर्धा गूळ खाल्ला, तिने आपल्याला का मारलं? तेव्हापासून तिने एउलिनाबाईंशी अबोला धरला होता.

बाई काठी टेकत तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं.

"आता सांग," वेवा म्हणाली. "मी तुझं काय घोडं मारलं होतं, म्हणून मला मारलंस?"

"तुला नाही गं मारलं." बाई म्हणाल्या. "दुष्काळात आम्ही चालत या गावात आलो ना, त्याआधी वाटेत माझी धाकटी बहीण गेली. तिथेच काट्याकुट्यांत पुरली तिला. आईने पुन्हा घरात तिचं नाव काढू दिलं नाही. जासिरा हे तिचंच नाव. लिहायला बसले, तर तिचा चेहराच आठवेना. म्हणून तुझा घेतला."

वेवा उठली. तिने खुर्ची बाजूला ओढली. गवंडी लगबगीने शिडीवर चढायला लागला, तसा तिने त्याचा हात धरला.

"एवढ्या वर नको रे," ती म्हणाली. "खाली लाव. लहान होती ती."