जर्सी आणि काडेपेटी

बास्केटबॉलच्या करारातले शेवटचे, ऐच्छिक वर्ष स्वीकारून मेम्फिसच्या संघातच राहायचे, की दुसरा संघ निवडायचा, हे शहराच्या लाडक्या टेव्हारिसला संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. “तू एकटी पडशील, राहतो मी,” तो आई ओडेसाला म्हणाला. “माझं निमित्त नको करूस. मनातून जायचंय ना?” त्याने मान खाली घातली. “मग जा,” म्हणत ओडेसा डुकराच्या बरगड्या भाजायला अंगणात गेली. मालकाने खेळाडू विकला तर व्यवहार, खेळाडू स्वतःहून निघाला तर गद्दारी, हे सुसंस्कृत नगराचे नीतिशास्त्र. गद्दाराची जर्सी जाळणे हा त्यातला विधी. शेजारी पर्नेल टेव्हारिसच्या नावाची जर्सी आणि काडेपेटी घेऊन कुंपणापाशी उभाच होता. “जातोय,” ओडेसाने सांगितले. “जाळायची तर लांब जाळ. घाण वास मांसाला लागेल.” पर्नेलने काडी ओढली, तशीच विझू दिली. “ताई, तिकडं पोराला असं जेवू कोण घालणार?”