अठरावं शेत

तिसऱ्यांदाही अंबाजीच्याच भातात कीटकनाशक निघालं.

प्रणालीने अहवाल पालथा ठेवला, पुन्हा उलटला. सतरा शेतकऱ्यांच्या नावांपुढे 'आढळले नाही'. अठराव्यापुढे रासायनिक कीटकनाशक, मर्यादेच्या चौपट.

खाडीकाठच्या या गावाचा तांदूळ मुंबईची कंपनी विषमुक्त म्हणून घेणार होती. अट एकच: एक शेत नापास तर सगळा गट नापास. ती पाळली जाते का हे बघायला कंपनीने रसायनशास्त्र शिकलेल्या प्रणालीला नेमलं होतं. वर्षभर ती अलिबागहून स्कूटरवर येत होती. तिने सभा घेतल्या, माती तपासली, रासायनिक फवारणीऐवजी कंपनीचं कडुनिंबाचं औषध घरोघर वाटलं आणि वापराच्या वहीत दर महिन्याला सह्या घेतल्या. आणि आता एका म्हाताऱ्यापायी सगळं पाण्यात जायची वेळ आली होती.

पहिल्या नमुन्यानंतर तिला वाटलं, शेजारून वाऱ्याने उडालं असेल. दुसऱ्या वेळी ती बांधापासून वीस पावलं आत गेली आणि तिथली पानं तोडली. मग त्याचा फवारणीचा पंप बदलून दिला. ओढ्याचं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. तिसऱ्या नमुन्याची पिशवी तिने स्वतः सील केली होती.

अंबाजी ओटीवर विळ्याला धार लावत होता. कापणी चार दिवसांवर आली होती. प्रणाली बसली नाही. रासायनिक औषध कुठून आणलं, पेणहून की पोयनाडहून, एवढंच तिने विचारलं.

"मी दुसरं कायच मारलं न्हाय, बाय."

"यंत्र खोटं बोलत नाही, काका."

"मग मी बोलतो?"

त्याची बायको सोनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती तिथूनच परत फिरली.

निघताना अंबाजीने एकच मागितलं. गटातून काढायचं तर काढ, पण नाव सभेत वाचू नको. देवळाची चावी त्याच्या घरात होती, त्याच्या बापापासून. गावकी ती खोट्या माणसाकडे ठेवत नाही.

प्रणालीने कंपनीतल्या साहेबांना फोन करून विचारून पाहिलं. काढायचं तर कारणासकट, सगळ्यांसमोर, असं उत्तर आलं. तिला अंबाजीचा राग आला, मग साहेबांचा, आणि शेवटी स्वतःचाच. अंबाजी नुसतं खरं बोलला असता तर तिने काहीतरी वाट काढली असती.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर तिने नाव वाचलं आणि कारणही वाचलं: फसवणूक. अंबाजी उठला, कनवटीची चावी काढून त्याने पायरीवर ठेवली आणि घरी गेला. ती उचलायला बराच वेळ कोणी पुढे झालं नाही.

कापणी झाली. गट पास झाला. प्रमाणपत्र द्यायला ती हिरामणकडे गेली. वयाने मोठा म्हणून गटाचं पुढारपण त्याच्याकडे होतं. त्याने घावने आणि चहा पुढे केला, इतके दिवस मॅडम नुसत्या पाण्यावरच परत जायच्या म्हणून तिची थट्टा केली. कंपनीला अहवालात शेतकऱ्याच्या तोंडच्या चार ओळी हव्या होत्या. कडुनिंबाच्या औषधाचा अनुभव कसा आला, तिने विचारलं.

हिरामण अवघडला. "खरं सांगू? पण लिहू नका."

तिने पेन खाली ठेवलं.

"शेताचं पाणी उतरून आमच्या जिताड्याच्या तळ्यात जातं. मासा मेला म्हंजे वर्षाची मेहनत गेली. म्हणून बाटलीतलं कायबी शेतात घालायचं न्हाय, ही आजापासूनची रीत. ते रासायनिक न्हाय, आणि तुमचं बी न्हाय."

"पण वहीत सह्या आहेत."

"उन्हातान्हाच्या येता. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून केल्या."

"सगळ्यांनी?"

"सतरा जणांनी. अंबाजीला तळं न्हाय. तो तेवढा तुमचं औषध मारायचा, दर पंधरवड्याला, टोपणं मोजून."