ग्राहकास दाखवू नये

गप्प बसण्यात भाऊंचा फायदाच फायदा होता. पहिल्या तारखेपासून मॅनेजरची खुर्ची, काचेची केबिन आणि रविवारची सुट्टी. बोलण्यात मिळकत एकच, शांत झोप. ती काय, उशी बदलली तरी येते, असं ते स्वतःला समजावत.

आजोबा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरशी आज चौथ्यांदा उभे होते. हातात किल्ली, खांद्याला नातीचं गुलाबी दप्तर.

"ब्रेक तापला की पॅडल खाली जातं. कंपनीनं यावर काही कळवलंय का?"

"नाही हो, आजोबा. गाडी आणा, बघतो."

"उन्हात कशाला तापवू तिला? मी मालक आहे. माझ्याच गाडीचा कागद मला का नाही?"

"मालक तुम्ही गाडीचे. कागद कंपनीचा."

मागे रांगेत एक बाई लेकीला कडेवर घेऊन उभी होती. आजोबांच्या दप्तराच्या चेनीला दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून लटकत होता. पोरगी तो ओढून खुदखुदत होती.

भाऊंच्या खणात ते पत्रक दोन महिने पडून होतं. या मॉडेलची ब्रेकची नळी उष्णतेनं फुगते, अपघात होऊ शकतो. लेखी तक्रार आली तरच बदलावी. कोणी विचारल्यास माहिती नाही म्हणावं. वर लाल शिक्का: ग्राहकास दाखवू नये.

"शनिवारी नातीला घेऊन डोंगरातल्या रस्त्यानं जायचंय," आजोबांचा आवाज खाली आला. "मागच्या सीटवर बसून गाणी म्हणते हो ती. चार पानं झेरॉक्स करायला असा कितीसा वेळ लागतो?"

भाऊंनी दप्तराकडे पाहिलं. मग केबिनकडे. मग खण उघडून पत्रक पुढे सरकवलं.

"मी दिलं म्हणू नका. आधी नळी बदला, मग शनिवार."

"उपकार झाले, बाळा."

आजोबांनी चष्मा लावला. मजकूर वाचलाच नाही. शेवटचं पान उलटवून कोपऱ्यातला बारीक आकडा पाहिला आणि खिशातल्या वहीत टिपला.

"सतरा. म्हणजे ही प्रत तुमचीच." आवाज एकदम ताठ झाला, पण मागे ऐकू जाणार नाही इतका हळू. "मी कंपनीतूनच आलोय. तुमच्या खुर्चीचा कागद माझ्याच सहीनं निघतो. या वेळी वर कळवत नाही. पुन्हा मात्र नको."

भाऊंनी विचारलं, "आणि नात?"

"मला मूलबाळच नाही."

चारही पानं दप्तरात गेली. चेन लागली. दार लागलं.

बाई पुढे सरकली. "भाऊ, आमचंही त्यांच्यासारखंच झालंय बघा. ब्रेक तापला की पॅडल खाली जातं. उद्या हिला घेऊन लांब निघायचंय. कंपनीनं काही कळवलंय का?"

पोरगी काउंटरवरचं पेन चोखत होती.

खुर्ची शाबूत. केबिन शाबूत. रविवार शाबूत.

"नाही हो, ताई," भाऊ म्हणाले. "बिनधास्त जा."