संमतीचा कागद

जळकोटच्या शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं कागद आणि शाईचं पॅड सरकवलं. "आजी, अंगठा टेकवा. शिवानीचा अपंग भत्ता सुरू होईल." "थांबा सर, वाचायलेय." "तुम्ही वाचणार? मधली सुट्टी होईल की!" साठीनंतर नात शिवानीच्या पाटीवर अक्षरं शिकलेली मी, एकेक शब्दावर बोट ठेवत चालले. शेजारच्या वर्गात हजेरी सुरू झाली. चाकाच्या खुर्चीतली शिवानी पायऱ्यांमुळं खाली अंगणातच होती. शेवटची ओळ लागली: 'मुलगी शाळेत येऊ शकत नसल्याने तिला घरीच शिकवण्यास संमती आहे.' "सर, ती तर रोज येते!" "उतार बांधायला निधी नाही, आजी. घरी सुखात राहील." तिकडं गुरुजींनी शिवानीच्या आधीचं नाव घेतलं, मग थेट नंतरचं. मी अंगठा न लावताच उठले. तेवढ्यात अंगणातून शिवानीचा खणखणीत आवाज आला, "गुरुजी, माझं नाव राहिलं! हजर!"