मिलिटरीची खीळ

छिन्नीचा तिसरा घाव बसला आणि तुटक्या बोल्टाचा तुकडा टणकन फरशीवर पडला. वामन मिस्त्रीने झटकन त्याच्यावर पाय ठेवला.

"काय पडलं, भाऊ?" शेडच्या दारात झाडणाऱ्या मथुराबाईने विचारलं.

"काही नाही. गंज आहे."

ती पुन्हा झाडू लागली. वामनने तुकडा पायानेच पोत्याखाली सरकवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं आहे?

गाडी महायुद्धातली. लष्कराने लिलावात काढली तेव्हा बुऱ्हाणपूरच्या नगरपालिकेने ती आगीच्या बंबासोबत धावायला घेतली. मागे क्रेन, हिरव्या रंगावर लाल रंग फासलेला. गाव तिला मिलिटरीच म्हणे. पण एका आगीनंतर ती शेडमध्ये उभी राहिली ती सात वर्षं उभीच. आता एक नोव्हेंबरपासून नवं मध्य प्रदेश राज्य होणार होतं. त्याआधी खंडव्याचे साहेब येऊन बघणार, चालली तर ठेवणार, नाही तर भंगारात. भंगारवाला क्रेन उघडणारच, आणि आत काय आहे ते वामनलाच ठाऊक. म्हणून त्याने आपणहून गाडी दुरुस्त करायचं काम अंगावर घेतलं.

क्रेनची तार ज्यावर गुंडाळते त्या ढोलाला एक खीळ असते. गिअर सोडला की उचललेला सगळा भार त्या खिळीवर. वामनच्या उस्तादाची रीत अशी, की ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगलेला, ती खंडेनवमीला पूजेत मांडायची आणि दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही.

सात वर्षांपूर्वी नेमकी नवमीच्या दुपारी कापसाच्या जिनिंग कारखान्यात आग लागली. पंडित ड्रायव्हर म्हणाला, "वामन, पहिले खीळ घाल."

"पूजेतलं उचलू नये," वामन म्हणाला, आणि हाताला लागला तो बोल्ट त्याने खिळीच्या जागी ठोकून दिला. तिथे दोघंच होते.

कारखान्याच्या दारात पडलेला लोखंडी गर्डर क्रेनने उचलला. आत अडकलेल्या हमालाला ओढायला पंडित खाली शिरला. वामनने गिअर सोडला.

तार घसरली, असं चौकशीत ठरलं. क्रेन कोणी उघडलीच नाही. पंडित दोन दिवस दवाखान्यात होता. शुद्धीवर आलाच नाही, असं गाव म्हणे. उशाशी एकटी त्याची बायको होती, ही मथुराबाई. नगरपालिकेने तिला झाडायच्या कामावर घेतलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती वामनला ओवाळायची. निरांजनापलीकडचा तिचा चेहरा त्याला बघवत नसे.

तुकडा लपवला त्या दिवशी काम आटोपल्यावर वामनने पोतं उचललं. खाली काही नव्हतं. शेड लख्ख झाडलेली. गेला असेल कचऱ्यासोबत, सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याने स्वतःला समजावलं. पण जेवण काही गेलं नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याने गाडीत जीव ओतला. रंग खरवडला, इंजिन उतरवून बसवलं, तार नवी ओढली. शेवटी घरी ट्रंकेच्या तळाशी चिंधीत बांधलेली खीळ आणून तिला ग्रीस लावू लागला.

"भाऊ, सगळा भार हिच्यावरच असते म्हणता?" मथुराबाई चहा ठेवत म्हणाली.

"हो."

"मग लई घट्ट बसत असंल."

"छे. भार नसला की दोन बोटांनी निघते." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण ती पोती झटकत होती.

"नवमीला येऊन राहिले म्हणे साहेब. क्रेनखाली कोण उभं राहते मग?"

"ज्याने जोडली त्याने. पहिल्या उचलीला मिस्त्रीच भाराखाली उभा राहतो. रीत आहे तशी."

साहेब आदल्या दिवशीच आले. त्यांनी कडी काढून ढोलाचं झाकण उघडलं, खीळ हलवून पाहिली. "बहुत बढ़िया, मिस्त्री. कल उठाके दिखाओ," म्हणाले आणि गेले. सात वर्षांत पहिल्यांदा वामन गाढ झोपला.

नवमीच्या सकाळी मथुराबाईने शेडपुढे सडा घातला, पाट मांडला, त्याच्यावर झेंडूची रास ओतली. वामनने हातोडा आणि पाना ठेवून हात जोडले. या खेपेला खीळ पूजेत मांडायची नाही, हे त्याने कधीच ठरवलं होतं. ती जागच्या जागी होती, साहेबांनीच पाहिली होती.

नवा ड्रायव्हर सुपडू गिअरच्या दांड्याशी बसला. रस्ता दाबायचा दगडी रूळ हुकाला लागला, हळूहळू वर गेला. वामन त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. माणसं जमली होती. त्याला जरा बरंही वाटलं, पंडितचं काही तरी फेडल्यासारखं.

"इंजन बंद," साहेब म्हणाले. "अब गिअर छोड़ो. पूरा वजन खील पर आने दो."

इंजिन थांबलं. एकदम शांत झालं. सुपडूने दांड्याला हात घातला.

पाटाशी बसलेल्या मथुराबाईने वामनकडे पाहिलं आणि झेंडूची रास हलकेच बाजूला सारली. हातोडा होता, पाना होता. मधोमध ग्रीस पुसून कुंकू लावलेली खीळ होती, आणि तिच्या शेजारी बोल्टाचा तुटका तुकडा.

वामनने खिळीकडे हात पुढे केला.

"पूजेतलं उचलू नये, भाऊ," मथुराबाई म्हणाली.