उखळातला हात

खालच्या अंगणातलं उखळ तीन दिवस मुकं होतं. "भर दुपारी ही धपधप, डोळ्याला डोळा लागत नाही," असं शर्वरीनंच घरमालकाला सांगितलं होतं. घानातल्या या गावी येऊन तिला दोनच महिने झाले होते.

आज खालच्या एफुआमावशीची म्हातारी सासू पायरीवर जेवताना दिसली. पाकिटातल्या पिठाच्या फुफूचा गोळा तिनं बोटानं चाचपला नि वाटी दूर सारली. त्या बोळक्या तोंडाला उखळात कांडलेला मऊसूत गोळाच गिळता येई. शर्वरीला पायरीकडे बघवेना. तिनं घरमालकाकडे जाऊन तक्रार मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं उकडलेले कसाव्याचे कंद नि केळी उखळात घातली आणि वर हाक दिली, "लेक बाजारात गेलीय. मुसळ तू धर, मी गोळा उलटते."

मुसळ वर गेलं की मावशीचा हात आत, खाली आलं की बाहेर. शर्वरीचं मुसळ हवेतच थांबलं.

"मावशी, तक्रार मी केली होती."

हात उखळातून हलला नाही.

"ठाऊक आहे गं. तीन दिवस झोप झाली ना? मग जोर लाव, गार झालं की गुठळ्या होतात."