दोन काळ्या बाटल्या

बाबा स्टुलावर टेकले आणि लगेच उठले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत शिरलं की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. तराजूवर फुंकर मारून झाली, लेकीच्या विद्यार्थ्यांच्या चाळण्या नाक मुरडून बघून झाल्या. लेक टेबलापाशी उभी होती.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. दोन्हींत कॉस्टिक सोड्याचं पाणी, रात्रभर हलवून गाळलेलं, काळंभोर. एकीत माती भिजवली होती, दुसरीत खिडकीतल्या कुंडीची ताजी पानं. सोड्यात उतरणारा हा काळा अर्क म्हणजे मातीनं वर्षानुवर्षं मुरवलेला ठेवा, असं बाबांनी जन्मभर शिकवलं, त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तो ठेवा मातीत नसतोच, सोडाच तो बाटलीत तयार करतो, माती नसली तरी, नुसत्या पानांतूनही, असा लेकीचा शोधनिबंध तयार होता. त्यांनी हे परक्याकडून ऐकायला नको, एवढंच आई फोनवर म्हणाली होती.

"लेबलं कुठायत?" बाबा करवादले. बिनलेबलाच्या बाटलीवरून त्यांनी भल्याभल्यांना रडवलं होतं. तिलाही.

"मुद्दाम नाही लावली. यातली मातीची कुठली, तुम्ही सांगा."

ते हसले. हा तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी एक बाटली उजेडात धरली, तिरकी केली, काचेवरून ओघळणारा थेंब निरखला. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. हसू कधी मावळलं ते त्यांनाही कळलं नसावं. दोन्ही बाटल्या हिसकावून बेसिनमध्ये ओताव्यात आणि यांना सरळ घरी न्यावं, असं तिला वाटून गेलं.

"ही," ते म्हणाले.

"ती पानांची आहे, बाबा."

बाटली उचलून त्यांनी बुडाशी केलेली तिची खूण स्वतः बघितली. मग स्टुलावर बसले, आणि या वेळी बसूनच राहिले. तिला ते बघवेना. निबंधाची काही घाई नाही, पुढच्या वर्षी पाठवला तरी चालेल, असं काहीबाही ती बोलत सुटली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"एकदा आलं म्हणजे आलं का? पुन्हा कर. माझ्यासमोर."

ते उठले. एका रिकाम्या बाटलीवर त्यांनी लेबल चिकटवलं, त्यावर ठळक अक्षरात 'पानं' असं लिहिलं, आणि खिडकीशी जाऊन कुंडीतलं एक कोवळं पान स्वतःच्या हातानं खुडलं.